सेरी केपिंगची वार्षिक सभा

पुलाऊ तिकुस, पेनांग
२९ मे

हुआत,

काल सेरी केपिंगची वार्षिक सभा झाली. ही कंपनी यंदा उसळी मारणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. कशावरून ते सांगते. थोरल्या बहिणीचं पत्र आहे, आत्तापासून आठ्या घालू नकोस.

खरं तर फोनच करणार होते. पण तुझा डावा कान गेल्यापासून आपण फोनवर बोलत नाही, ओरडतो. मागच्या वेळी शेजारच्या मिसेस ओंग दार वाजवून विचारून गेल्या, घरात कोणी गेलं का म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं. सोबत तौ सार पिआचा डबा आहे. ही बिस्किटं सियू यिंगच्या हातात दे. तुझ्या बायकोला मोजून देता येतात, तुला मोजून खाता येत नाहीत.

तर सभा. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक भागधारकाला एकच करी पफ मिळाला होता, आणि तोही निव्वळ बटाट्याचा. त्या वर्षी कंपनीचा नफा निम्म्यावर आला, हे तूच मला सांगितलंस. मागच्या वर्षी दोन करी पफ आणि सोयादुधाचा खोका. भाव हळूहळू चढला. आणि यंदा? नासी लेमाक भात, त्यात कोंबडीची अख्खी तंगडी, तीन प्रकारचे गोड कुएह, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात स्टीलचा थर्मास. खिशात पैसा खुळखुळत असल्याशिवाय कोणी थर्मास वाटत नाही, हुआत. एवढं कळायला बँकेत नोकरी करावी लागत नाही.

रांगेत आमची नेहमीची मंडळी होती. शंभर शेअरांचा एकेक लॉट घेऊन मे महिनाभर सभांना हजेरी लावणारी. हॉटेलचा दरवान आता आम्हाला नावानिशी ओळखतो. अरुळनाथननी माझी जागा धरली होती. ते शेजारच्या खुर्चीवर आपली काळी छत्री आडवी ठेवतात आणि कोणी बसायला आलं की म्हणतात, टीचर येताहेत. बंदरातल्या जकात कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, पलीकडे कुलिमला राहतात. बाकीच्या सभांना येत नाहीत, त्यांच्याकडे फक्त सेरी केपिंगचा एक लॉट आहे. त्यामुळे वर्षातून एकदाच भेट होते.

मी आणखी वीस लॉट घ्यायचं ठरवलंय. सोमवारी दलालाला सांगणार. तुला नको म्हणायचं असेल तर जरूर लिही, टपाल किती सावकाश चालतं हे तुला ठाऊकच आहे.

आची


पेतालिंग जाया
७ जून

आची,

आधी चार बिस्किटं खाल्ली (सियू यिंग बाजारात गेली होती), मग पत्र उघडलं, आणि पाचवं घशात अडकलं. करी पफ मोजून शेअर घेणारी बाई अख्ख्या मलेशियात तू एकटीच असशील. नाही, चुकलो. तुमची सगळी रांगच तशी आहे.

जरा डोक्यावर बर्फ ठेवून ऐक. सेरी केपिंग स्वतः चिप बनवत नाही. चीनमधून, तैवानमधून आलेल्या चिप तपासते, आवरणात बसवते आणि अमेरिकेला धाडते. म्हणजे तिचं पोट अशा दोन घरांवर आहे, ज्यांचं आपसात पटत नाही. उद्या अमेरिकेने जकात वाढवली, परवा चीनने कच्चा माल अडवला, की ही मधल्यामध्ये मेली. त्यात तेलाचं वेगळंच. होर्मुझच्या सामुद्रधुनीत चार जहाजं अडकली की तेल महागतं, महागाई वाढली की व्याजदर वाढतात, आणि व्याजदर वाढले की ज्यांचा नफा अजून व्हायचाय असे शेअर सगळ्यात आधी आपटतात. सध्या तर विचार करणाऱ्या यंत्रांचं सगळ्या जगाला वेड लागलंय, म्हणून जो तो चिपच्या मागे धावतोय. असे धावणारे बाजार मी विनिमय खात्यात असताना पाहिलेत. ते थांबतात तेव्हा कोणाला सांगून थांबत नाहीत.

आणि हे मी एकट्याच्या बुद्धीने सांगत नाही. माझ्या संगणकावर आता एक मदतनीस आहे. माणूस नव्हे, प्रोग्रॅम. मी उठायच्या आत तो जगभरच्या बातम्या वाचून ठेवतो, कंपन्यांचे अहवाल चाळतो. सेरी केपिंगबद्दल विचारलं तर म्हणाला, धोका जास्त, विकलेलं बरं. कोंबडीच्या तंगडीबद्दल त्याने चौकशी केली नाही.

आता दुसरं. हे अरुळनाथन कोण? आडनाव, पत्ता, मुलंबाळं काही माहीत आहे? वयस्कर बायकांशी गोड बोलून शेअर गळ्यात मारणाऱ्यांच्या टोळ्या हल्ली फार झाल्यात. आधी जागा धरतात, मग हात धरतात, मग बँकेचा खाते नंबर विचारतात. ते वीस लॉट त्यांनीच सुचवले का?

हुआत


पुलाऊ तिकुस
१५ जून

हुआत,

वीस लॉट घेतले. तुझं पत्र नंतर आलं.

होर्मुझ कुठे आहे हे तू मला सांगतोस? भूगोल मी शिकवत होते. पाचवीत असताना तुला नकाशावर होर्मुझ दाखव म्हटलं, तर तू मादागास्करवर बोट ठेवलं होतंस आणि वर वाद घातला होतास. तुझ्या त्या मदतनीसाला विचार, तो तरी बरोबर दाखवतो का.

अरुळनाथन यांनी मला आजवर एकही शेअर सुचवलेला नाही. त्यांना शेअरातलं काही कळत नाही. त्यांच्या जावयाने कधीतरी एक लॉट नावावर करून दिला, तोच धरून बसलेत. त्यांचे प्रश्न वेगळेच असतात. पेनांगच्या फेरीबोटीचा जुना भोंगा चांगला होता की नवा, ड्यूरियनचं फळ गोड बरं की कडवट. मागच्या वर्षी मी कडवट म्हटलं होतं. यंदा त्यांनी बसताबसता सांगितलं, टीचर, मी विचार केला, तुमचंच खरं आहे. वर्षभर विचार केला होता म्हणे.

तू नाहीतरी खोदून विचारणारच, म्हणून लिहिते. माझे यजमान तेइक गेले त्या वर्षी त्यांच्या नावाचं सभेचं पाकीट आलं. ते घेऊन मी रडले आणि मग केवळ घरात बसवेना म्हणून सभेला गेले. रांगेत उभी होते, ऊन लागत होतं, मागून कोणीतरी छत्री धरली. तेवढंच. तेव्हापासून दरवर्षी जाते. मला आवडतं तिथे. यात तुझ्या मदतनीसाला समजण्यासारखं काही नाही.

चेंग बेंगला, पितरांच्या दिवशी, आईबाबांच्या समाधीवर तू यंदाही आला नाहीस, ते मी विसरलेले नाही. गवत मी एकटीने काढलं.

आची


पेतालिंग जाया
२४ जून

आदरणीय भगिनी,

आपल्या पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या भावना पूर्णपणे समजण्याजोग्या आहेत. तथापि, गुंतवणुकीचे निर्णय घेताना जोखीम, विविधता आणि कालावधी या बाबींचा संतुलित विचार करणे हितावह ठरते. सद्यःस्थितीत आपल्या धारणेचा काही भाग टप्प्याटप्प्याने विकण्याचा विचार आपण करावा, ही नम्र विनंती. आपल्या उत्तम आरोग्यासाठी हार्दिक शुभेच्छा.

आपला बंधू,
हुआत


पुलाऊ तिकुस
२ जुलै

यंत्रा,

तुझं पत्र पोचलं. तुझी भाषा शुद्ध आहे आणि वळण चांगलं आहे. माझ्या भावाला हे सांग:

त्याने मला जन्मात आदरणीय म्हटलेलं नाही. त्याच्या पत्रात टोमणा नसला तर मी त्याला ताप आलाय असं समजते. चेंग बेंगच्या गवताचं उत्तर द्यायची वेळ आली की तो आजवर स्वतः पळ काढायचा, आता तुला पुढे करतो. आणि बिस्किटं संपली का, हे न विचारता तो पत्र संपवूच शकत नाही, एवढं तरी त्याने तुला शिकवायला हवं होतं.

तुझा मालक जिवंत असेल तर त्याने स्वतः लिहावं.

आची


पेतालिंग जाया
१९ ऑगस्ट

आची,

लिहितोय. स्वतःच्या हाताने, आणि अक्षर बघून तुझी खात्री पटेल. ते पत्र मदतनीसाकडून लिहून घेतल्याची लाज वाटली म्हणून इतके दिवस गप्प होतो. पुढच्या चेंग बेंगला मी येईन आणि गवत काढीन. कंबर दुखली तरी काढीन. बिस्किटं संपली.

आता मुद्दा. पेपर वाचलास ना? अमेरिकेने जकात वाढवली. चिपला सध्या वगळलंय म्हणतात, पण सध्या म्हणजे किती दिवस, ते कोणी सांगत नाही. चीनने उलट धमकी दिली. आपला बाजार दोन दिवस नुसता घसरत होता आणि सेरी केपिंग सगळ्यांच्या पुढे. तुझे वीस लॉट आता जेमतेम तेरा लॉटच्या किमतीचे आहेत. मी जिंकलो असं म्हणणार नाही. पण जिंकलो.

तुझ्या आग्रहावरून पूर्वी घेतलेले माझे शेअर मी काल विकले. मदतनीस म्हणाला, अजून पडेल. तूही ते वीस लॉट विक. जुना तेइकांचा लॉट हवा तर आठवण म्हणून ठेव, त्यावर सभेलाही जाता येईल. मला तुझं सभेला जाणं बंद करायचं नाही, एवढं समज. फक्त तुझी पुंजी बुडू नये असं वाटतं. तू एकटी असतेस, आणि मी इथून काळजी करण्यापलीकडे काही करत नाही, हे मला टोचतं.

हुआत


पुलाऊ तिकुस
३ ऑक्टोबर

हुआत,

थर्मासचं कोडं सुटलं.

युरोपातली एक कंपनी सेरी केपिंग सगळीच्या सगळी विकत घेतेय. नाव मला उच्चारता येत नाही. अमेरिका आणि चीन दोघांच्या भांडणाबाहेर त्यांना एक तयार कारखाना हवाय, शिकलेली माणसं हवीत, बंदर हवं. ते पेनांगला सगळं एका जागी आहे. म्हणजे बघ, ज्या भांडणापायी कंपनी मरणार असं तू आणि तुझा मदतनीस सांगत होतात, त्याच भांडणापायी तिला मागणी आली. भाव देताहेत मी घेतला त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आणि माझंही चुकलं. ती कोंबडीची तंगडी भरभराटीची नव्हती. दलाल सांगत होता, बोलणी तेव्हापासूनच चालली होती. मालकांना छोट्या भागधारकांची मनं सांभाळायची होती. निरोपाचं जेवण होतं ते, आणि मी दुसऱ्यांदा कुएह मागून घेतले.

तू सगळे विकून बसलास, हे मला आठवतंय. मी हसत नाहीये. थोडी हसले.

पण आता मला एक सांग, आणि थट्टा न करता सांग. हे थांबवायचं कसं? विक्री झाली की कंपनी बाजारातून जाणार, भागधारक राहणार नाहीत, आणि वार्षिक सभाही नाही. माझ्याकडे आता एकवीस लॉट आहेत. मी दिलेच नाहीत तर?

आची


पेतालिंग जाया
१० ऑक्टोबर

आची,

तळाला विकलं, आता दुपटीचं ऐकतोय. सियू यिंगने मदतनीसाला जेवायला वाढू का म्हणून विचारलं. माझी पुरेशी शोभा झालीय, तू आणखी नको करूस.

आता तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. थांबवायचं? दुप्पट भाव दारात आलाय आणि तू दार लावतेस? नियम असा आहे: पुढच्या महिन्यात खास सभा होईल, तीन चतुर्थांश मतं पडली की विक्री सगळ्यांवर बंधनकारक. मोठे भागधारक आधीच तयार आहेत. तुझे एकवीस लॉट म्हणजे समुद्रात ओंजळ. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पैसे तुझ्या खात्यात येणार. मग नाही कशाला म्हणायचं?

खरं सांग, तुला कोणी विकू नको म्हणून भरीस घातलंय का? त्या छत्रीवाल्यांनी? तसं असेल तर घाबरू नकोस. माझा एक जुना सहकारी आता फसवणुकीच्या तक्रारी बघतो. नाव दे, मी चौकशी करायला सांगतो.

हुआत


पुलाऊ तिकुस
१७ ऑक्टोबर

हुआत,

या पत्रासोबत बिस्किटं नाहीत.

कोणी भरीस घातलेलं नाही. त्या माणसाला भाव दुप्पट झालाय हेसुद्धा बहुधा माहीत नसेल. आणि चौकशी केलीस तर मी पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही, हे थट्टेत घेऊ नकोस.

तुला कळत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. ती सभा गेली की त्यांना भेटायचं कारण जातं. त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही, फोन नंबर नाही. मी मागितला नाही, त्यांनीही मागितला नाही. मागितला असता तर त्याचा काहीतरी अर्थ झाला असता, आणि या वयात दोघांनाही त्याचा संकोच वाटतो. सभेला जाण्यात संकोच नव्हता. भागधारकाने सभेला जायचंच असतं. शेजारी कोण बसलं, त्याला कोण काय करणार? मला वर्षातून एक दिवस पुरत होता. बाकीचे दिवस मी त्याची वाट बघत असे, आणि वाट बघणारी बाई एकटी नसते.

मला दुप्पट पैसे नकोत. मला मे महिना हवाय. हसायचं तर हस.

खास सभा ज्या आठवड्यात आहे, त्याच आठवड्यात इपोहला माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. लियानने सुट्टी काढली आहे, मुलीला आता नाही म्हणता येत नाही. म्हणजे शेवटची सभाही हुकली. तुझ्या नावाने प्रतिनिधीचा फॉर्म भरून पाठवला आहे, कारण दुसरं कोणी नाही. येणार नसशील तर फाडून टाक. येणार असशील तर माझं मत विरोधात टाक. समुद्रात ओंजळ का होईना, टाक.

आची


जॉर्ज टाउन, पेनांग
९ नोव्हेंबर

आची,

तुझ्या डोळ्याला पट्टी असणार, तेव्हा हे पत्र लियान वाचून दाखवेल. लियान, सावकाश वाच, आणि मध्येच थांबून आईकडे बघत बसू नकोस.

मी आलो. सकाळच्या विमानाने. हॉटेलच्या दरवानाने मला विचारलं, टीचर कुठे आहेत? सभेला जेवण नव्हतं, नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या. विकलेल्या कंपनीला कोणाची मनं सांभाळायची नसतात. आत गेलो तर तिसऱ्या रांगेत एका खुर्चीवर काळी छत्री आडवी. मी मुद्दाम तिथे बसायला गेलो.

"माफ करा," ते म्हणाले, "ही टीचरची जागा आहे."

मी सांगितलं, मी टीचरचा भाऊ, त्यांच्या वतीने आलोय, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते उभे राहिले. कुठला डोळा, डॉक्टर कोण, भूल कसली, दुखतं का, घरी सोबत कोण, सगळं विचारून घेतलं. माझं नावसुद्धा त्यांनी त्यानंतर विचारलं. आणि एवढं सगळं ऐकूनही छत्री काही उचलली नाही. मी पलीकडच्या खुर्चीवर बसलो. सभाभर आमच्या दोघांच्या मध्ये तुझी खुर्ची रिकामी होती.

मी ठरवून गेलो होतो की या माणसाला बोलतं करायचं. बँकेत मी लबाड माणसं पुष्कळ पाहिलीत. विचारलं, शेअर कधी घेतला, कितीला घेतला, आता काय भाव आहे. म्हणाले, भाव माहीत नाही, सभेची तारीख माहीत असते. आची, मला त्यानंतर पुढचं काही विचारवेना.

मग मतदान. आयुष्यभर पैशाच्या हिशेबात राहिलेला मी, दुप्पट भावाच्या विरोधात मत टाकून आलो. शेजारी बघतो तर अरुळनाथननीही विरोधातच टाकलं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, इथला चहा बरा असतो. चहा तर त्या दिवशी नव्हताच. निकाल व्हायचा तोच झाला. कंपनी गेली. पैसे तुझ्या खात्यात येतील.

सगळे उठले तरी ते बसून होते. मग छत्रीकडे बघत म्हणाले, "टीचरना सांगा, भोंग्याचाही मी विचार करून ठेवलाय. पण आता ते कुठे सांगायचं, ते कळत नाही."

लियान, इथे थोडं थांब. आईला पाणी दे.

आता माझं ऐक, आची. तुझं मागचं पत्र वाचल्यावर मी माझ्या मदतनीसाला कामाला लावलं होतं. त्याला सांगितलं, मला अशी कंपनी शोधून दे: जिच्यात चिप नाही, बुद्धिमान यंत्र नाही, जिचं जगातल्या कुठल्याही भांडणाशी घेणंदेणं नाही. अमेरिकेला नको, चीनला नको, युरोपाला तर नकोच. जिचा भाव वाढण्याची शक्यता नाही आणि म्हणून जी कोणी कधी विकत घेणार नाही. जिची वार्षिक सभा दरवर्षी मे महिन्यात जॉर्ज टाउनलाच होते. त्याने दोनदा विचारलं, अटी उलट्या तर लिहिल्या नाहीत ना? मी म्हटलं, नाही, अगदी बरोबर आहेत.

कंपनीचं नाव तेलुक इंदाह. नळाचे वायसर बनवते. आजोबांच्या काळापासून वायसरच बनवते आणि तिचा दुसरं काही करायचा विचार नाही. मदतनीसाच्या मते गुंतवणुकीला अत्यंत अयोग्य. मी आयुष्यात इतक्या खात्रीने कुठला शेअर कोणाला सांगितला नसेल.

तो मी अरुळनाथन यांना सांगितला. म्हटलं, माझ्या बहिणीने हा घेतलाय, मे महिन्यात ती सभेला असेल. त्यांनी पाण्याच्या बाटलीच्या कागदावर नाव लिहून घेतलं आणि कागद खिशात ठेवला. तेव्हा मला खोटं पाडू नकोस. एक लॉट घे. त्यांचा फोन नंबर मी मागितला नाही. तो तुझा तू मागायचास.

आणि मी त्यांना टोळीवाला म्हटलं होतं, ते मागे घेतो.

लियान, शेवटची ओळ वाचून पत्र आईच्या उशाशी ठेव. बिस्किटं मला आता मिळायला हरकत नाही.

हुआत


पुलाऊ तिकुस
२२ मे

हुआत,

बिस्किटांचे दोन डबे पाठवतेय. एक सियू यिंगच्या देखत उघड.

चेंग बेंगला तू गवत काढलंस, छान काढलंस. आईच्या बाजूचं थोडं राहिलं होतं, ते मी नंतर काढलं.

काल वायसरवाल्यांची सभा झाली. मी लवकर गेले होते. नवी जागा, नवी माणसं. आमच्या जुन्या रांगेतलं कोणी नाही. दारात उभी राहिले आणि मला एकदम वाटलं, हुआतने ऐकलं काहीतरी, लिहिलं काहीतरी, त्या माणसाने कागद धुवायला टाकलेल्या शर्टात ठेवला असेल. सहा महिने मी त्या एका कागदावर काढले होते. दरवान म्हणाला, टीचर तुम्हीच ना? आत जा ना, तुमची जागा धरलीय.

डावा डोळा आता चांगला झालाय. दारातूनच छत्री दिसली.

भोंग्याबद्दल त्यांचं मत जुन्याच्या बाजूने पडलं. मी नव्याच्या बाजूने आहे, त्यामुळे वर्षभराची सोय झाली. वर्षभराची म्हणजे रविवारपर्यंतची, कारण ड्यूरियन खायला ते फेरीने येणार आहेत. फोन नंबर आता माझ्याकडे आहे. कोणी मागितला ते विचारू नकोस, तुला टोमणे मारायला आणखी खाद्य मी देणार नाही.

जेवण? एकेक केळं आणि पाण्याची बाटली. माझ्या जुन्या हिशेबाने ही कंपनी उद्याच बुडायला हवी. अध्यक्षही तेच सांगत होते, वायसरला उठाव नाही, भाव आणखी खाली आलाय. पुढच्या रांगेतल्या लोकांनी आरडाओरडा केला. मी जरा काळजीने अरुळनाथन यांच्याकडे पाहिलं.

ते केळं सोलत होते. "येऊ दे खाली, टीचर," म्हणाले. "आपल्याला कुठे विकायचाय."

आची